विजेच्या मापाला आधार देणारा : एडवर्ड वेस्टन

मोजमाप हा शब्द आपण सहज उच्चारतो. परंतु मोजणे म्हणजे तुलना करणे होय, आणि तुलनेची एक बाजू अचल असावी लागते. आपण उज्जयिनीचे रहिवासी. ही गोष्ट आपणास वेगळी शिकवावयास नको. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी रेखांश मोजावयास आरंभ केला तो आपल्या या नगरीवरून जाणाऱ्या रेषेपासून. अमुक गाव त्या रेषेच्या पूर्वेस किती, तमुक गाव पश्चिमेस किती, यावरून तेथील काळाचा हिशेब होई. पुढे अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने येथे वेधशाळा उभारली आणि सन १९२३ मध्ये महाराज माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. नानाखेड्याहून ही वेधशाळा काही फार दूर नाही. तेथील सम्राट यंत्रावर सावली सरकताना पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते : भिंत हलत नाही म्हणूनच सावलीच्या हलण्याला अर्थ असतो.

विजेच्या मोजमापातही अशीच एक न हलणारी भिंत हवी होती. ती उभारण्यात ज्याचा वाटा फार मोठा आहे, त्या एडवर्ड वेस्टनचे चरित्र या लेखात सांगावयाचे आहे. हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना अगदीच अपरिचित नसेल. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्या काटेरी यंत्राला वेस्टन गॅल्व्हानोमीटर म्हणतात, त्यातील वेस्टन तो हाच. परंतु यंत्रावरचे नाव वाचून आपण पुढे जातो आणि नावामागचा माणूस तसाच मागे राहतो.

एडवर्ड वेस्टनचा जन्म ९ मे १८५० रोजी इंग्लंडातील ऑस्वेस्ट्री या गावी झाला. वडील व्यापारी होते. मुलाने वैद्य व्हावे या घरच्या इच्छेस अनुसरून एडवर्डने वैद्यकाचा अभ्यास केला आणि सन १८७० मध्ये त्या विषयाची पदविकाही मिळविली. तथापि त्याचे मन रोग्यांच्या नाडीपेक्षा रसायने आणि वीज यांतच अधिक रमत असे. मनाचा हा ओढा त्याने दडपला नाही. त्याच वर्षी, अवघ्या विसाव्या वर्षी, घर व देश सोडून तो अमेरिकेस गेला व न्यूयॉर्क शहरी येऊन राहिला. हाती आलेली पदविका बाजूस ठेवून परमुलखात नव्याने प्रारंभ करणे हे सोपे धाडस नव्हे.

न्यूयॉर्कमध्ये त्याला धातूंवर विजेच्या साहाय्याने मुलामा चढविण्याच्या धंद्यात काम मिळाले. या कामात एका भांड्यातील द्रावणातून वीज नेली म्हणजे द्रावणातील निकेलसारखा धातू वस्तूवर पातळ थराने बसतो. थर सारखा व गुळगुळीत बसावयाचा तर विजेचा प्रवाह सतत सारखा हवा. त्या काळी वीज मिळे ती घटांच्या मालिकेपासून. घट जसजसा वापरला जाई तसतसा त्याचा जोर ओसरे, आणि मुलामा कोठे जाड, कोठे पातळ, कोठे खरबरीत असा बसे. वेस्टनने या दोषाचे मूळ शोधले. वस्तू वाईट नव्हती, कारागीर वाईट नव्हता. मुळात विजेचा पुरवठाच अस्थिर होता. आधार डळमळीत असेल तर वरचे काम नीट होत नाही, हा धडा त्याला येथे मिळाला, आणि त्याचे पुढील सारे आयुष्य जणू या एका धड्याचाच विस्तार होय.

स्थिर प्रवाहासाठी त्याने डायनामोचा, म्हणजे वीज उत्पन्न करणाऱ्या यंत्राचा, अभ्यास सुरू केला आणि त्यात अनेक सुधारणा केल्या. सन १८७७ मध्ये न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क या शहरी त्याने डायनामो तयार करणारी स्वतःची कंपनी स्थापिली. विजेच्या दिव्यांच्या क्षेत्रात तो थॉमस एडिसनचा एक प्रतिस्पर्धी समजला जात असे. सन १८८३ मध्ये न्यूयॉर्कचा सुप्रसिद्ध ब्रुकलिन पूल खुला झाला, तेव्हा त्यावर जे विजेचे दिवे झळकले ते वेस्टनच्या पद्धतीचे होते.

कीर्ती व पैसा या मार्गाने आपोआप येत होता. परंतु वेस्टनला एक उणीव सारखी टोचत होती. यंत्रे मोठमोठी तयार होत होती, दिवे लखलखत होते. पण वीज नेमकी किती आहे हे खात्रीने सांगणारे सुटसुटीत साधन कोणापाशीच नव्हते. तेव्हाच्या गॅल्व्हानोमीटरवर पृथ्वीच्या चुंबकत्वाचा परिणाम होई, ते हलवून चालत नसे, आणि काट्याचे विचलन पाहून पुन्हा कागदावर गणित करावे लागे. कारखान्यातील साध्या कामगाराने उभ्याउभ्या वाचावे असे त्यात काहीच नव्हते. तेव्हा सन १८८६ मध्ये दिव्यांच्या धंद्यातून अंग काढून घेऊन वेस्टनने आपले सर्व लक्ष मापनाकडे वळविले, न्यूअर्क येथे स्वतःची प्रयोगशाळा उभारली, आणि सन १८८८ मध्ये विद्युत् मापन-यंत्रांची कंपनी सुरू केली. त्याच सुमारास अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने त्याला आपला अध्यक्ष निवडले.

येथे त्याच्यापुढे पहिला शत्रू उभा राहिला तो उष्णतामानाचा. तांब्याची तार तापली म्हणजे तिचा रोध वाढतो. एका अंशास सुमारे ०.४ टक्का. आपल्या उज्जैनच्या हवेचेच उदाहरण घेऊ. हिवाळ्यात २० अंश उष्णतामानात १०० ओहम रोध असलेले तांब्याचे वेटोळे वैशाखात ४० अंशांवर सुमारे १०८ ओहम दाखवील. ज्या यंत्रात असे वेटोळे बसविले आहे ते यंत्र ऋतूप्रमाणे वेगळे बोलेल. मग त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा? वेस्टनने एकामागून एक मिश्रधातू तयार करून त्यांची परीक्षा घेण्यास प्रारंभ केला. उष्णतामान वाढले की धातूचा रोध वाढलाच पाहिजे, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. काही मिश्रधातूंचा रोध उष्णतेने किंचित् कमी होतो असे वेस्टनला आढळून आले, आणि तेथेच त्याला वाट सापडली. वाढणारा व घटणारा असे दोन्ही गुण जुळविले तर रोध जवळजवळ अचल राहील! तांबे व निकेल यांपासून कॉन्स्टंटन आणि तांबे, मँगनीज व थोडे निकेल यांपासून मँगनिन असे दोन मिश्रधातू या परिश्रमांतून जगाला मिळाले. आजही अचूक रोधके करण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

या धातूंच्या आणि दीर्घकाळ न बदलणाऱ्या चुंबकांच्या साहाय्याने वेस्टनने सरळ आकडा दाखविणारी, हातात घेऊन कोठेही नेता येणारी अशी मापन-यंत्रे तयार केली. अवघ्या काही वर्षांत त्यांचा जगभर प्रसार झाला.

परंतु यंत्र कितीही चांगले असले तरी त्याचा आकडा खरा की खोटा हे पडताळून पाहावयास एक प्रमाण लागते. वजनाच्या काट्याला जसे शिक्क्याचे वजन, तसे व्होल्टमीटरला ज्याचा दाब ठाऊक आहे असा घट हवा. अशा घटाला प्रमाण घट म्हणतात. वेस्टनच्या आधी लॅटिमर क्लार्क या इंग्रज अभियंत्याने जस्त व पारा यांचा प्रमाण घट केला होता व तो सर्वत्र वापरात होता. त्याचा मोठा दोष असा की, उष्णतामान एक अंशाने वाढले की त्याचा दाब व्होल्टच्या हजाराव्या भागाहून अधिक उतरे.

सन १८९३ मध्ये वेस्टनने जस्ताच्या जागी कॅडमियम योजून नवा प्रमाण घट तयार केला. इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची काचेची नळी घ्यावी. तिच्या एका पायात शुद्ध पारा व त्यावर पाऱ्याच्या सल्फेटाची लुकण असते; हा धन ध्रुव. दुसऱ्या पायात कॅडमियम व पारा यांचे मिश्रण. हा ऋण ध्रुव. दोहोंवर कॅडमियम सल्फेटाचे संपृक्त द्रावण. एवढेच या घटाचे साहित्य! या घटाचा दाब २० अंश उष्णतामानास १.०१८३ व्होल्ट भरतो, आणि एका अंशाच्या फरकाने तो व्होल्टच्या एक लक्षांश भागाच्या चौपटीइतकाच बदलतो. क्लार्कच्या घटाशी तुलना केली तर हा बदल पंचविसाव्या हिश्शाहूनही कमी होय.

मात्र या घटाच्या काही मर्यादा होत्या, आणि त्या पाळल्या तरच तो खरे बोले. त्याच्यापासून दिवा लावावयाचा नाही की घंटा वाजवावयाची नाही. थोडासा प्रवाह जरी त्यातून ओढला तरी त्याचा दाब ढळतो. त्याला उलटा करावयाचा नाही, हेलकावे द्यावयाचे नाहीत. म्हणून त्याचा उपयोग विभवमापकावर करीत. ज्यांनी विभवमापकाचा प्रयोग केला आहे त्यांना आठवेल की, तारेवर संपर्क सरकवीत नेला असता एका जागी गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येतो. त्या क्षणी घटातून प्रवाह मुळीच वाहत नाही. केवळ दोन दाबांची तुलना होते. प्रमाण घटाकडून काम करून घ्यावयाचे नसते, त्याची केवळ साक्ष घ्यावयाची असते.

सन १९०८ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने वेस्टनचा घट प्रमाण म्हणून पसंत केला, आणि पुढे निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी एकत्र बसून त्याचे मूल्य निश्चित केल्यावर सन १९११ पासून १.०१८३ व्होल्ट हा आकडा देशोदेशी मान्य झाला.

आता वेस्टनच्या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग येतो. हा माणूस काही संन्यासी नव्हता. तो कारखानदार होता. आयुष्यात त्याने ३३४ अमेरिकन पेटंटे मिळविली, आणि पेटंटाचे मोल काय असते हे त्याला पुरते ठाऊक होते. ज्या घटावाचून जगातील कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेचे चालणार नव्हते, त्या घटाचे हक्क त्याच्या मुठीत होते. प्रत्येक घटामागे त्याने आपले शुल्क घेतले असते तर त्यात बेकायदेशीर असे काहीच नव्हते. परंतु वेस्टनने या घटावरील आपले पेटंट हक्क सोडून दिले. जगातील कोणत्याही प्रयोगशाळेने हा घट स्वतः तयार करावा, कोणाची परवानगी घेण्याचे कारण राहिले नाही. सर्वांनी ज्याच्याशी ताडून पाहावयाचे ते माप एकाच्या तिजोरीत कुलूपबंद राहिले, तर ते सर्वांचे प्रमाण कसे होणार? उज्जयिनीच्या रेषेवरून काळ मोजणाऱ्याकडून उज्जयिनीने कधी कर घेतला नाही!

विद्यार्थी बंधुभगिनींनो, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आज आपल्याला कशाला, असे कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर आज पुष्कळ शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत दिसणाऱ्या एका छोट्या निळ्या पट्टीवर सापडते. आर्डुइनो उनो नावाच्या त्या पट्टीवर एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढ्या चकतीवर कोरलेला गणकयंत्राचा एक लहानसा अवतार, बसविलेला असतो. त्याला केवळ अंक समजतात. विद्युत् दाब मात्र सलग कमीजास्त होणारी राशी. म्हणून दाबाचे अंकात रूपांतर करणारा एक भाग त्याच्या पोटात असतो. हा रूपांतरक काय करतो? वेस्टनच्या घटासमोर विभवमापक जे करीत असे तेच! आलेल्या दाबाची तो एका ठरीव आधार दाबाशी तुलना करतो, त्या आधार दाबाचे १०२४ समान भाग कल्पितो, आणि आलेला दाब त्यातील कितव्या भागापर्यंत पोचतो ते शून्य ते १०२३ या अंकांत सांगतो.

समजा, आपण उष्णतामापक तयार केला. एलएम ३५ नावाचा संवेदक दर अंशास १० मिलिव्होल्ट दाब देतो, म्हणजे ३० अंशांस ३०० मिलिव्होल्ट. आधार दाब ५ व्होल्ट आहे असे धरून आपण गणित मांडले. परंतु तारेतून प्रत्यक्षात ४.६ व्होल्टच येत आहेत. रूपांतरक ६६ हा अंक देईल, आणि आपले गणित त्यावरून ३२ अंशांहून अधिक उष्णतामान दाखवील. संवेदक खरा, गणित बरोबर, आणि उत्तर मात्र चुकीचे! त्याहून वाईट म्हणजे, फलकावर आकडा इतक्या ठसठशीतपणे उमटतो की शंका घेण्याचे कोणास सुचत नाही. मुलाम्याच्या कारखान्यात तरुण वेस्टनला जो दोष सापडला, तोच हा.

आधार दाबाच्या मर्यादाही वेस्टनच्या घटाप्रमाणेच काटेकोर आहेत. पहिली ही की, मोजावयाचा दाब आधार दाबाहून अधिक असता कामा नये. अधिक झाला तर रूपांतरक १०२३ वरच अडून बसतो. विभवमापकाच्या तारेवरील दाबाहून घटाचा दाब मोठा असला म्हणजे शून्यबिंदू मिळत नाही, तसाच हा प्रकार. आणि तो दाब चकतीच्या पुरवठ्यालाही ओलांडून गेला, तर चकतीचे नुकसान होते. दुसरी मर्यादा अशी की, या चकतीला बाहेरून द्यावयाचा आधार दाब १ व्होल्टाहून कमी नसावा आणि तिच्या स्वतःच्या पुरवठ्याहून अधिक नसावा. तिसरी सर्वांत महत्त्वाची : कार्यक्रमात आतील आधार निवडलेला असताना बाहेरून दुसरा आधार जोडू नये. दोन आधार परस्परांशी भिडले म्हणजे चकती निकामी होण्याचा संभव असतो.

या चकतीच्या पोटात १.१ व्होल्टाचा स्वतःचा आधार आहे. तो निवडला तर उष्णतामापकाची पायरी अर्ध्या अंशावरून सुमारे एक दशांश अंशावर येते. मोजण्याची कमाल मर्यादा घटते, पण बारकावा वाढतो. मात्र हा आधार प्रत्येक चकतीत नेमका १.१ नसतो, तो १.० ते १.२ व्होल्ट यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. म्हणून चांगल्या व्होल्टमीटरने तो एकदा मोजून घ्यावा आणि तो खरा आकडा गणितात घालावा. अंकांचे पुन्हा दाबात रूपांतर करणारा जो उलट रूपांतरक असतो, त्यालाही हाच नियम लागू. आधार दाब २.५ व्होल्ट असेल तर २५६ पायऱ्यांचा असा रूपांतरक सर्वांत मोठ्या अंकाला २.४९ व्होल्ट देईल. आधार दाबाच्या पलीकडे तो स्वतः होऊन जाऊ शकत नाही.

वेस्टनचा घट सन १९९० पर्यंत, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षे, विजेच्या दाबाचे प्रमाण म्हणून नांदला. सन १९६२ मध्ये ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या तरुणाने एक नवा परिणाम वर्तविला. अतिशय थंड केलेल्या दोन अतिसंवाहकांच्या सांध्यावर ठराविक वारंवारतेच्या लहरी सोडल्या असता नेमका ठराविक दाब मिळतो. सन १९९० च्या १ जानेवारीपासून व्होल्टचे प्रमाण या परिणामावरून ठरविण्यास जगाने मान्यता दिली. निसर्गाच्याच एका नियमात अचल आधार सापडल्यावर काचेच्या नळीने आपली जागा सोडली. आपल्या देशात अशी राष्ट्रीय प्रमाणे जतन करण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते.

वेस्टनने आपल्या मुलाचे नाव एडवर्ड फॅरेडे वेस्टन असे ठेवले होते; थोर संशोधक मायकेल फॅरेडेविषयीचा आदर त्यातून दिसतो. हा मुलगाही संशोधक निघाला आणि छायाचित्रकारांच्या उपयोगी पडणारा प्रकाशमापक त्याने तयार केला. न्यूअर्क येथील तंत्रविद्यालयाच्या उभारणीस वेस्टनने प्रारंभापासून हातभार लावला. सन १९१५ मध्ये रसायनशास्त्रातील कामगिरीबद्दल पर्किन पदक आणि सन १९३२ मध्ये विद्युत् अभियंत्यांकडून लॅम पदक असे सन्मान त्याला लाभले. २० ऑगस्ट १९३६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे त्याचे निधन झाले.

एडिसनचे नाव घरोघरी झाले, कारण दिवा सर्वांना दिसतो. मापाचा आधार कोणाला दिसत नाही. तो ढळला म्हणजे मात्र सारे काही चुकते. वेस्टनने दिव्यांचा झगमगाट सोडून हे न दिसणारे काम पत्करले, ते पूर्णत्वास नेले, आणि ज्या दिवशी जगाने ते प्रमाण मानले त्या दिवसापासून त्यावरील आपला हक्क उरू दिला नाही. पुढच्या वेळी प्रयोगशाळेत एखादा आकडा वहीत उतरून घेताना, तो कशाशी तुलना करून आला आहे, एवढे आपण स्वतःला विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून आकडा खरा मानू नये, हीच वेस्टनच्या चरित्राची शिकवण होय.